कपाटातल्या सीडींचं काय करायचं?

(एका नगर वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

या व्याख्यानाचा विषय फलकावर लागल्यापासून बरेच जण मला गाठून एकच गोष्ट विचारताहेत. घरात सीडींनी भरलेला एक खण आहे. प्लेअर बिघडलाय, दुरुस्त करणारा सापडत नाही, नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. मुलं म्हणतात, ‘आई, सगळं फोनवर आहे, कशाला अडगळ ठेवतेस?’ मग काढायच्या का रद्दीत? माझं उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकते: एवढ्यात काढू नका. काहींना तर अजिबात हात लावू देऊ नका. कोणत्या, आणि का, हे सांगायला आज उभी आहे.

सीडीची जन्मकथा थोडक्यात सांगते. नेदरलँड्सची फिलिप्स आणि जपानची सोनी, या दोन स्पर्धक कंपन्या १९७९ मध्ये एकत्र आल्या आणि त्यांनी एक समान मानक ठरवलं. ऑगस्ट १९८२ मध्ये जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या लांगेनहागेनच्या कारखान्यातून विक्रीच्या पहिल्या सीडी बाहेर पडल्या आणि ऑक्टोबरमध्ये जपानात पहिला प्लेअर दुकानात आला. आवाजाचं दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप घ्यायचं, प्रत्येक मोजमाप १६ बिटांच्या आकड्यात लिहायचं आणि ते आकडे खळग्यांच्या रूपात प्लास्टिकवर ठसवायचे, एवढीच कल्पना. पण ते खळगे रुंदीला अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि त्यांची रांग मधून सुरू होऊन कडेकडे फिरत जाते, म्हणजे रेकॉर्डच्या बरोबर उलट. ही रांग उलगडली तर पाच किलोमीटरच्या वर भरते. लेसर ती वाचत बाहेर सरकतो तशी तबकडीची गती मिनिटाला ५०० फेऱ्यांवरून २०० वर उतरते. सुई नाही, घर्षण नाही, झीज नाही. आणि सलग सुमारे ७४ मिनिटं.

या ७४ मिनिटांवर मला थोडं थांबायचं आहे. पाश्चात्त्य पॉप संगीताला एवढ्या वेळाची फारशी गरज नव्हती, त्यांची गाणी तीन-चार मिनिटांची. गरज कोणाला होती? आपल्याला. आपलं ख्यालगायन ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या दिवसापासून घड्याळाशी झगडत आलंय. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजान गायल्या ती तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्याच तीन-सव्वातीन मिनिटांत अख्खा राग उभा केला. ती त्यांची थोरवी खरीच, पण ऐकताना शेवटच्या काही सेकंदांत त्यांना घाई करावी लागतेय असं मला दर वेळी जाणवतं. मग एलपी, म्हणजे लाँग प्ले रेकॉर्ड, आली, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं. आमच्या पिढीला वाटू लागलं की विलंबित, म्हणजे ख्यालाचा संथ भाग, ही पहिली बाजू आणि द्रुत, म्हणजे जलद भाग, ही दुसरी. मध्ये उठून तबकडी उलटायची. कॅसेटमध्येही तेच, वर टेपचा सतत येणारा ‘हिस्स’. गायक षड्जावर थांबला की त्या थांबण्यात तानपुरा ऐकू यायला हवा, तिथे टेपच ऐकू यायची.

सीडीवर पहिल्यांदा असं झालं की आलापीपासून द्रुत लयीतल्या तानांपर्यंत राग एका बैठकीत, कुठेही न तुटता, पार्श्वभूमीला खरखर नसताना घरात ऐकता आला. चांगल्या ध्वनिमुद्रणात जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारेचा तो झंकार, स्पष्ट ऐकू येते. गायक श्वास कुठे घेतो ते कळतं. डग्ग्याची घुमक संपते कुठे तेही कळतं. आपल्या संगीताला माप बसेल असा अंगरखा शंभर वर्षांत पहिल्यांदा शिवून मिळाला, असं मी म्हणेन.

दुर्दैव एवढंच की तो उशिरा मिळाला. कुमार गंधर्व जानेवारी १९९२ मध्ये गेले, मल्लिकार्जुन मन्सूर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. वसंतराव देशपांडे तर १९८३ मध्येच गेले होते. भारतात सीडी घराघरांत जायला लागेपर्यंत ही पिढी मावळत होती. म्हणून या मोठ्या कलावंतांच्या ज्या सीडी आपल्याकडे आहेत त्यांतल्या पुष्कळशा म्हणजे जुन्या एलपी पुन्हा छापलेल्या, किंवा त्याहून मोलाच्या म्हणजे मैफलींची खासगी ध्वनिमुद्रणं मागाहून प्रसिद्ध केलेली. हे दुसऱ्या प्रकारचं काम मोठ्या कंपन्यांनी कमी आणि लहान प्रकाशकांनी जास्त केलं. पुण्यात सुरेश अलूरकरांनी दुकान आणि कंपनी दोन्ही चालवत जुन्या मैफली लोकांपर्यंत पोचवल्या. परदेशात लंडनच्या नवरस रेकॉर्ड्सनं आणि न्यूयॉर्कच्या काही छोट्या कंपन्यांनी पूर्ण लांबीचे राग काढले, सोबत जाड पुस्तिका घालून. कधी एखाद्या गायकाच्या शिष्यांनी वर्गणी काढून थोड्या प्रती छापल्या, एका पुण्यतिथीला वाटल्या आणि विषय तिथेच संपला. या शेवटच्या गटाकडे मी पुन्हा येणार आहे. लक्षात ठेवा.

बाजारात मात्र आपल्याकडे सीडीचं राज्य खऱ्या अर्थानं कधी आलंच नाही. टी-सीरिजनं ऐंशीच्या दशकात कॅसेट इतकी स्वस्त केली होती की काही शे रुपयांची सीडी सामान्य घरात जाणं अवघड होतं. ती होती मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउससारख्या दुकानांत, जिथे कानाला लावून आधी ऐकायला मिळायचं आणि काउंटरमागच्या माणसाला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असायचं. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. आम जनतेला सीडी खरी भेटली ती एमपी-थ्री, म्हणजे आवाज दाबून लहान केलेल्या फायलींच्या, सीडीच्या रूपात. स्टेशनबाहेर, एसटी स्टँडवर, पदपथावर प्लास्टिक अंथरून: ‘१०१ भावगीतं’, ‘नाट्यसंगीत’, ‘आरत्या आणि भूपाळ्या’. एका तबकडीत दहा-दहा तासांचं गाणं. बरीचशी चोरीची, काही अधिकृत. दिल्लीजवळ नोएडा भागात मोझर बेअर ही कोऱ्या तबकड्या बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक होती. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. म्हणजे सीडीच्या उदयाचा आणि अस्ताचा एक मोठा हिस्सा आपल्याच देशात घडला आणि आपण त्याची नोंदही नीट घेतली नाही.

आता अस्ताकडे येते. अमेरिकेतले आकडे उघड असल्यामुळे ते देते. तिथे २००० साली ९४ कोटींहून जास्त सीडी दुकानांत गेल्या, तो कळस. २०२२ साली हा आकडा ३.३ कोटींवर आला आणि ज्या कधीच संपल्या असं सगळे समजत होते त्या विनायल रेकॉर्डी त्या वर्षी सीडींपेक्षा जास्त विकल्या गेल्या, साधारण ४.१ कोटी. वीस-बावीस वर्षांत हे कसं झालं? एमपी-थ्री, १९९९ चं नॅपस्टर, जिथे लोक गाण्यांच्या फायली आपसांत फुकट वाटायचे, २००१ चा आयपॉड, २००३ चं आयट्यून्स स्टोअर, मग स्ट्रीमिंग. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. ही क्रमवारी आता सगळ्यांना पाठ आहे, मी त्यात वेळ घालवत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते मूळ कारण, आणि ते सीडीच्या पोटातच होतं.

सीडीला कुलूप नाही, म्हणजे नक्कल करणं रोखणारी कसलीही सोय नाही. १९८२ मध्ये कुणी ते लावलंच नाही, कारण लावायची गरज कुणाच्या स्वप्नातही नव्हती. पुढच्या वर्षी आलेल्या आयबीएमच्या पर्सनल संगणकाची हार्ड डिस्क १० मेगाबाइटची होती. एका सीडीवर त्याच्या साठ-पासष्ट पट मजकूर. तो उतरवून घेणार कुठे? पुढच्या पंधरा वर्षांत डिस्क वाढल्या, संगणकात सीडी वाचणारा ड्राइव्ह आला आणि तबकडीवरचे आकडे जसेच्या तसे बाहेर काढता येऊ लागले. कंपन्यांनी नंतर कुलूप लावायचे प्रयत्न केले. २००५ मध्ये सोनी बीएमजीनं सीडीतून ग्राहकांच्या संगणकात गुपचूप सॉफ्टवेअर घुसवलं. ते उघडकीला आल्यावर त्यांना त्या तबकड्या परत घ्याव्या लागल्या. पण मूळ सीडी उघडीच राहिली. त्या उघडेपणानंच तिचा धंदा बुडवला.

आणि त्याच उघडेपणामुळे, मंडळी, तुमच्या खणातली सीडी आजही वाचवता येते. आयट्यून्सवर विकत घेतलेल्या जुन्या गाण्यांना कुलूप होतं. आज ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं गाणं त्या ॲपच्या बाहेर वाजत नाही. सीडीवरचं गाणं मात्र तुम्ही विकत घेतलंत तेव्हा सगळं तुमच्या हातात आलं, एक आकडाही कमी न होता. सर्वसामान्य माणसानं दुकानात जाऊन विकत घेतलेलं, पूर्ण दर्जाचं आणि कुलूप नसलेलं संगीत इतक्या मोठ्या प्रमाणावर पुन्हा कधी विकलं गेलेलं नाही.

कुणी म्हणेल, ॲपवर आता तोच दर्जा मिळतो. बरोबर आहे. आवाजाच्या बाबतीत माझी काही तक्रार नाही. १२८ किलोबिटच्या जुन्या एमपी-थ्रीत तानपुऱ्याची जवारी खरवडल्यासारखी यायची ते दिवस गेले. आज लॉसलेस, म्हणजे काही न गाळणारं, स्ट्रीमिंग सीडीच्या बरोबरीचं असतं. जे जातंय ते आवाजाच्या आजूबाजूचं.

पहिलं म्हणजे कागद. माझ्याजवळ एका मैफलीची सीडी आहे, बंद पडलेल्या एका छोट्या प्रकाशकाची. डबीतला चौकोनी कागद चार घड्यांचा. त्यावर रागाचं आणि तालाचं नाव आहे, विलंबिताची बंदिश अस्ताई-अंतऱ्यासह छापली आहे, बंदिश कुणाकडून मिळाली तेही दिलंय. मैफल कोणत्या गावात, कुणाच्या घरी, कोणत्या साली, हेही आहे. तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण. आणि अगदी खाली, बारीक टायपात, तानपुऱ्यावर आणि मागून स्वर देणाऱ्या दोन शिष्यांची नावं. त्यातला एक आज स्वतः नावाजलेला गायक आहे. गुरूच्या आवाजात स्वर मिसळणारा तो विशीतला मुलगा कोण, हे त्या कागदावाचून कळलंच नसतं. हीच मैफल एका ॲपवर आहे. तिथे गायकाचं नाव आहे, रागाचं नाव आहे आणि ‘ट्रॅक २’ आहे. बंदिश नाही, साल नाही, तबलजी नाही. ज्याच्या ठेक्यावर ती मैफल तासभर उभी राहिली तो माणूस नोंदीतून पुसला गेला.

शिवाय विलंबित आणि द्रुत या तिथे दोन सुट्या फायली आहेत. सीडीवर त्यांच्यामध्ये फक्त एक खूण होती, आवाज सलग वाहत होता. ॲप मात्र द्रुत एकटीच उचलून कुठल्यातरी ‘शांत सकाळ’ यादीत घालतं. मध्ये जाहिरातही येते. तासभर चढवत नेलेल्या लयीचं ते टोक, त्यामागचा चढ काढून टाकला तर ऐकणाऱ्याला काय कळणार? नव्या श्रोत्याला ख्याल कंटाळवाणा वाटतो अशी तक्रार आपण करतो. त्याच्या कानावर ख्याल कधी पूर्ण पडू दिलाय का, हा माझा प्रश्न आहे.

दुसरं म्हणजे भरवसा. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफाय यांचा करार जुळला नाही आणि लोकांच्या याद्यांमधली गाणी एका रात्रीत करडी पडली, म्हणजे नावं दिसत होती पण वाजेनात. २०२४ मध्ये एअरटेलनं विंक हे ॲपच बंद केलं. त्यावर अनेकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या होत्या. कंपन्यांनी कायद्याबाहेर काही केलं असं मी म्हणत नाही. आपण गाणं विकत घेत नाही, ऐकण्याची परवानगी घेतो, आणि परवानगी देणाऱ्याला ती मागे घेता येते. चित्रपटगीतं आज गेली तर उद्या परत येतील, त्यांच्यामागे पैसा आहे. पण शिष्यांनी वर्गणी काढून छापलेल्या त्या सीडीचं काय? ती ॲपवर कधी गेलीच नाही. कंपनी नाही, हक्क कुणाकडे हे घरच्यांनाही माहीत नाही, चढवणार कोण?

इथे कायद्याचं एक अंग आहे, वाचनालयात बोलतेय म्हणून ते मुद्दाम सांगते. आपल्याकडे छापलेल्या पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना द्याव्याच लागतात. १९५४ चा कायदा आहे आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय त्या चार ग्रंथालयांपैकी एक. त्या कायद्यात ध्वनिमुद्रिका येत नाहीत. म्हणजे एखाद्या मराठी कवितासंग्रहाची प्रत सरकारी संग्रहात असण्याची शक्यता पुष्कळ, पण एखाद्या मैफलीची सीडी कुठेच नसेल असं अगदी होऊ शकतं. ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो. १९९५ मध्ये निघालेली सीडी २०५६ च्या सुरुवातीला मुक्त होईल. तोवर वाचता येण्याजोगी तबकडी आणि ती वाचणारं यंत्र कुणाकडे असेल? २०१२ च्या दुरुस्तीनं सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवायची मुभा दिली, पण ग्रंथालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत असेल तर. शब्दशः वाचलं तर एलपी आणि कॅसेट त्यात बसतात आणि सीडी, ती मुळात डिजिटल म्हणून, बाहेर राहते. हे कलम दुरुस्त व्हायला हवं, आणि ग्रंथालय संघांनी ती मागणी लावून धरावी असं मला मनापासून वाटतं.

मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्या वाचल्या त्या संग्राहकांमुळे. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सनं, सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, चोरबाजारातून आणि घराघरांतून तबकड्या मिळवल्या, त्यांच्या याद्या केल्या, माहिती छापली. कॅसेटच्या बाबतीत तसं फारसं झालं नाही, टेपा बुरशीनं गेल्या. सीडीची वेळ आत्ता आहे, तबकड्या अजून वाचता येतात तोवर.

त्या कायम वाचता येतील असं समजू नका. सीडी अमर आहे असा समज विक्रेत्यांनीच पसरवला होता. इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नच्या कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात छापलेल्या कितीतरी सीडी तांबूस पडल्या, कारण वरचं लॅकर, म्हणजे संरक्षक रोगण, वेष्टनाच्या कागदातल्या गंधकाला टिकलं नाही आणि आतला धातूचा थर खराब झाला. तुमची सीडी दिव्यासमोर धरून पाहा. सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले किंवा कडेनं तपकिरी झाक आली असेल, तर ती आधी हाती घ्या.

अजून एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आपण सीडी खालच्या, चकचकीत बाजूनं जपतो आणि वरच्या बाजूवर बॉलपेननं लिहितो. धोका वरून जास्त आहे. खालून मिलिमीटरहून जाड प्लास्टिक आहे, त्यावरचा ओरखडा बऱ्याचदा पॉलिश करून काढता येतो. ॲल्युमिनियमचा थर वरच्या बाजूला, छपाईच्या लगेच खाली, नुसत्या लॅकरच्या पापुद्र्याआड आहे. तिथे ओरखडा गेला की तेवढं गाणं कायमचं गेलं. आणि पुसताना गोल गोल पुसू नका, मधून बाहेर सरळ रेषेत पुसा. रांगेला आडवा गेलेला छोटा चरा प्लेअर गणितानं भरून काढतो. रांगेच्या दिशेनं गेलेला लांब चरा त्याला भरता येत नाही.

उतरवून घ्यायला यूएसबीवर चालणारा सीडी ड्राइव्ह अजून बाजारात मिळतो. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखा प्रोग्राम चुका सापडल्या की पुन्हा पुन्हा वाचून खात्री करतो आणि तो फुकट आहे. फाइल फ्लॅक नावाच्या प्रकारात ठेवा, एमपी-थ्रीत नको. फ्लॅकमध्ये काही गळत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. एक टेराबाइटच्या डिस्कवर दोन हजारांहून जास्त सीडी बसतील, म्हणजे गावातल्या सगळ्या रसिकांचे संग्रह मिळून एका हातात मावतील. दोन प्रती करा, दोन वेगळ्या घरांत ठेवा. डबीतला कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये घाला. स्वतःच्या खासगी वापराला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये जागा आहे. ती फाइल यूट्यूबवर चढवायला नाही, हा फरक पाळा.

क्रम कसा लावायचा? बाजारातल्या, मोठ्या कंपनीनं हजारोंनी छापलेल्या सीडी सर्वांत शेवटी, त्या दुसरीकडे मिळतील. त्याआधी छोट्या प्रकाशकांच्या आणि पुण्यतिथीला वाटलेल्या. आणि सर्वांत आधी घरी बर्न केलेल्या. त्यांत खळगे ठसवलेले नसतात, सेंद्रिय रंगाच्या थरावर लेसरनं खुणा केलेल्या असतात आणि तो रंग उन्हानं, उष्णतेनं विटतो. आपल्या गावातल्या संगीतसभांची, नाट्यसंगीताच्या स्पर्धांची, कुणाच्या तरी आजीच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणं असतात ती याच तबकड्यांवर, आणि त्यांच्यासोबत पुस्तिका नसते. वर मार्करनं फक्त ‘वाड्यातली मैफल’ एवढंच लिहिलेलं असतं.

म्हणून त्यांचा कागद आपणच तयार करायचा. गायक कोण, साथ कोणाची, कोणाच्या घरी, साधारण कोणतं साल, ‘वाहवा’ म्हणणारा तो आवाज कोणाचा. हे सांगू शकणारे घरातले वडीलधारे आज असतील तर पहिल्या रविवारी सीडी लावून त्यांच्याशेजारी वही घेऊन बसा आणि नावं लिहून घ्या. आकडे संगणकात उतरवायचं काम दुसऱ्या रविवारी केलं तरी चालेल.